जुनी स्पोर्ट बाईक घेताय? आधी कागद बघा, मग इंजिन

उसाचं बिल खात्यावर जमा झालं, की माळशिरस, माढा, करमाळा पट्ट्यात बऱ्याच घरांत एकच विषय निघतो. पोराला गाडी. आणि पोराला शाईन, स्प्लेंडर नको असते. त्याला आर 15 पाहिजे, नाहीतर पल्सर आरएस 200, नाहीतर केटीएम. नवीन घ्यायची तर दीड-दोन लाखांचा खड्डा. मग मोबाईलवर जुन्या गाड्या बघणं सुरू होतं, आणि एखाद्या रविवारी दोघं-तिघं मित्र पुण्याला जाऊन एमएच 12 नाहीतर एमएच 14 पासिंगची गाडी घेऊन येतात.

जुनी घेण्यात वाईट काही नाही. पण जुनी स्प्लेंडर घेणं वेगळं आणि जुनी स्पोर्ट बाईक घेणं वेगळं. स्प्लेंडर दूध घालायला, रानात जायला वापरलेली असते. स्पोर्ट बाईक बहुतेक वेळा विशी-बाविशीच्या पोरानं ताणलेली असते. ती कधीतरी पडलेली असते आणि ते झाकायला वरचं प्लास्टिक नवं टाकलेलं असतं. रंगावर, स्टिकरवर जाऊ नका. जेवढी जास्त चकाचक, तेवढं जास्त वाकून बघा.

कोणती घ्यावी

आपल्याकडं सगळ्यात जास्त फिरते ती यामाहाची आर 15. ही गाडी भारतात 2008 साली आली. पहिल्या दोन मॉडेलना 149 सीसीचं इंजिन होतं, 2018 च्या तिसऱ्या मॉडेलपासून 155 सीसी आलं, 2021 ला चौथं मॉडेल आलं. माझं मत विचाराल तर एप्रिल 2019 नंतरची बघा. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉलीतून सांडलेल्या पाचटावर किंवा ओल्या मातीवर ब्रेक दाबला, तर एबीएस असलेल्या गाडीचं चाक जाम होत नाही. त्यासाठी पाच-दहा हजार जास्त गेले तरी चालतील.

अजून एक हिशोब बरेच जण करत नाहीत, तो विम्याचा. नुसता थर्ड पार्टी विमा 2022 च्या दरपत्रकानुसार 75 ते 150 सीसीला 714 रुपये, 150 च्या वर 350 सीसीपर्यंत 1,366 रुपये आणि 350 च्या वर 2,804 रुपये, वर जीएसटी वेगळा. म्हणजे 149 ची जुनी आर 15 आणि 155 ची नवी यात जवळपास दुपटीचा फरक. केटीएम आरसी 390 घेतली तर ती तिसऱ्या दरात जाते. केटीएमचं सर्व्हिस सेंटर आपल्या गावापासून किती लांब आहे तेही आधी बघा. गाडी चाकणला बनते म्हणून पार्ट टेंभुर्णीच्या चौकात मिळतीलच असं नाही.

घरच्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की या गाडीवर खताचं पोतं बसत नाही, दुधाचं कॅन बसत नाही आणि मागच्या उंच सीटवर आईला बसवून दवाखान्यात नेणं अवघड. घरात दुसरी साधी गाडी असेल तरच हिचा विचार करावा.

गाडी बघायला जाल तेव्हा

विकणाऱ्याला आधीच फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नको. गेल्यावर इंजिनला हात लावून बघा. गरम लागलं तर समजा, की थंड गाडी चालू व्हायला त्रास देते आणि ते तुम्हाला दिसू नये म्हणून ती आधीच तापवून ठेवलीय. थोडं थांबा, थंड होऊ द्या, मग स्टार्ट करा. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर ऑईल जळतंय, म्हणजे इंजिनचं काम निघणार. थंडीच्या दिवसांत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते, ती चालते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर सुटत असेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता असते. ऑईलचं झाकण काढून बघा, आत दुधाळ चिकट थर दिसला तर तोच संशय पक्का करा. आर 15, आरएस 200, केटीएम या पाण्याने थंड होणाऱ्या गाड्या आहेत. कूलंटच्या डबीत साधं पाणी भरून चालवलेली गाडी बाहेरून ओळखू येत नाही, म्हणून डबीत रंगीत कूलंट आहे का ते बघाच.

पडलेली गाडी ओळखायची तर फेअरिंग सोडा, बारीक जागा बघा. हँडलच्या टोकाचं वजन घासलंय का, ब्रेक-क्लचच्या दांड्यांची टोकं गोल झालीत का, फूटरेस्ट वाकलाय का. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि ते जिथं अडतं तिथं चेसीवर ठेचल्याची खूण आहे का बघा. समोर चार पावलं लांब उभं राहून पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत दिसतंय का पाहा. तिथंच हँडलच्या खाली, मानेजवळ चेसी नंबर ठोकलेला असतो. तो आरसी बुकाशी एकेक आकडा जुळवून बघा. आकडे घासलेले, वरखाली ठोकलेले वाटले तर चहासुद्धा न पिता परत या. इंजिन नंबरही तसाच जुळवा.

किलोमीटरच्या मीटरवर विश्वास ठेवू नका. मीटर मागं फिरवणारे गल्लोगल्ली आहेत. मीटर 14 हजार दाखवतंय आणि फूटरेस्टचं रबर गुळगुळीत झालंय, चावीचे दाते झिजलेत, तर हिशोब बसत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. कमी पळालेल्या गाडीला दुसरा-तिसरा टायर का लागला, एवढं विचारा. मागच्या चक्राची चेन बोटानं मागं ओढा. ती दात सोडून वर उठत असेल, दात शार्कच्या शेपटीसारखे वाकले असतील, तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट घ्यावा लागणार. सेट आणि दोन्ही टायर मिळून दहा हजारांच्या वर जातात, तेवढे भावात कमी करायला सांगा.

चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी पुढं गेल्यावर तो विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर कोणीतरी तो काढून टाकलाय. सायलेन्सर बाहेरचा, कानठळ्या बसवणारा असेल तर मूळ सायलेन्सर मागून घ्या. परवानगीशिवाय गाडीत बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागं 5,000 रुपये दंडाची तरतूद कायद्यात आहे, आणि गाडी नावावर झाली की तो मालक तुम्ही.

खरा घोळ टीटी फॉर्मचा

इंजिन बिघडलं तर पैसे जातात. कागद बिघडले तर घर अडचणीत येतं. आपल्याकडं चालणारी पद्धत सगळ्यांना माहितीय. विकणारा फॉर्म 29 आणि 30 वर सही करून देतो, खाली नाव कोरंच, शंभरच्या नाहीतर पाचशेच्या स्टॅम्पवर चार ओळी, आणि गाडी निघाली. ज्यानं घेतली तो सहा महिन्यांनी तेच फॉर्म देऊन पुढच्याला विकतो. गाडी तीन गावं फिरते आणि सरकारी दप्तरात नाव पहिल्याचंच.

2018 साली सुप्रीम कोर्टापुढं असंच एक प्रकरण होतं, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. कार एकाकडून दुसऱ्याकडं, तिथून पुढं अशी विकत गेली होती, नावावर मात्र पहिल्याच्याच राहिली आणि अपघातात माणूस दगावला. कोर्टानं सांगितलं, आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून विकणाऱ्यानंही स्टॅम्प पेपरवर विसंबून राहू नये. शेतावर बोजा चढेल एवढी रक्कम अशा दाव्यात निघू शकते.

घेणाऱ्याचंही तेवढंच नुकसान. विम्यातलं मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कवच, ते ज्याच्या नावावर गाडी आणि विमा आहे त्यालाच, तेही त्याच्याकडं लायसन असेल तर. गाडी जुन्या मालकाच्या नावावर असताना चालवणारा पोरगा गेला, तर त्याच्या घरी त्यातलं काही येत नाही. गाडी चोरीला गेली तरी विमा कंपनी तुमच्याशी बोलणार नाही.

म्हणून पैसे देण्याआधी मोबाईलवर एमपरिवहन ॲप उघडा आणि गाडीचा नंबर टाका. विमा, पीयूसी, फायनान्सचा बोजा, गाडी काळ्या यादीत आहे का, हे तिथं दिसतं. ई-चलन वेगळं तपासा. पुण्याच्या गाड्यांवर सिग्नलच्या कॅमेऱ्यांची चलनं साठलेली असतात, ती विकणाऱ्यानं भरल्याशिवाय पुढचं बोलू नका. कर्ज दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात घ्या. 'हप्ते फिटलेत, कागद नंतर देतो' हे चालणार नाही. फायनान्स कंपनीनं ओढून नेलेली गाडी यार्डातून स्वस्तात मिळते, पण तिची आरसी आधी फायनान्स कंपनीच्या नावावर व्हावी लागते, मग तुमच्या. कर्नाटक पासिंगची गाडी घ्यायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इथला कर, दोन्ही धरून हिशोब करा. एप्रिल 2019 आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवलीय का तेही बघा.

सगळ्यात सुरक्षित म्हणजे थोडी रक्कम इसार म्हणून द्या आणि उरलेली ट्रान्सफरचा ऑनलाईन अर्ज भरल्यावर, दोघांचे ओटीपी टाकून झाल्यावर द्या, तीही बँकेतून. सरकारी फी काही शे रुपयांच्या घरात आहे, एजंट हजारांत सांगतात. आधी अकलूज किंवा सोलापूरच्या आरटीओत खिडकीवर विचारून या. विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्यानं 30 दिवसांत. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो, तो आरसीची वाट बघत लांबवू नका.

आणि पोरगं 18 चं झालं नसेल तर गाडी घेऊच नका. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या पोराला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही.