मोजपट्टी कोणाच्या हाती? संज्ञापनशास्त्रातील शोधनिबंधांच्या मोजणीचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/ विद्वत्तेचे मोजमाप छापलेल्या शोधनिबंधांच्या संख्येवरून करता येते का? अमेरिकेतील संज्ञापनशास्त्राने हा प्रश्न आपल्या जन्मापासून वागवला, आणि १९९४ मध्ये त्यावरूनच तेथील विद्वज्जगतात मोठे वादळ उठले. त्या मोजणीची ही कथा.

२/ नोव्हेंबर १९१४, शिकागो. वक्तृत्व शिकवणारे १७ अध्यापक इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना स्थापन केली. इंग्रजी विभागांत त्यांचे स्थान दुय्यम होते. स्वतंत्र विषय म्हणून मान हवा, तर स्वतःचे संशोधन आणि ते छापणारे स्वतःचे नियतकालिक हवे. १९१५ मध्ये ते सुरू झाले. आज ते ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ स्पीच’ या नावाने ओळखले जाते.

३/ पहिल्याच वर्षी त्यात वाद झडला. कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स विनन्स यांनी संशोधनाची निकड मांडली. संशोधनाविना विषयाला प्रतिष्ठा नाही, हा त्यांचा रोख होता. एव्हरेट ली हंट यांनी वैज्ञानिकतेच्या या हव्यासाला विरोध केला. अध्यापकाची योग्यता कशात पाहावी, हा मतभेद तेव्हाच उघड झाला होता.

४/ मोजणीचे गणित मात्र दुसरीकडे आकार घेत होते. १९२६ मध्ये आल्फ्रेड लोटका यांनी रसायनशास्त्राच्या एका सारसूचीतील ६,८९१ नावे तपासली. सुमारे ५८ टक्के लेखकांच्या नावावर एकच निबंध होता. अनेक निबंध लिहिणारे मोजकेच. हाच पुढे ‘लोटकाचा नियम’ म्हणून प्रसिद्ध झाला.

५/ यातील एक बारकावा महत्त्वाचा आहे. संयुक्त निबंधाचे श्रेय लोटका यांनी केवळ ज्येष्ठ लेखकाला दिले. सहलेखक मोजणीतून गळाले. मोजणी सुरू होण्यापूर्वीच कोणाला मोजायचे, याचा निर्णय झालेला असतो.

६/ संज्ञापनशास्त्रात या मोजणीने ठळक रूप घेतले ते १९८९ मध्ये. मार्क हिक्सन, डॉन स्टॅक्स आणि जोनाथन अॅम्सबरी यांनी १९१५ ते १९८५ या ७० वर्षांतील विपुल लेखन करणाऱ्या अभ्यासकांचा आढावा घेतला. संशोधन-उत्पादकतेची मोजपट्टी घडवण्याचा हेतू त्यांनी शीर्षकातच नोंदवला होता.

७/ आधार होता संज्ञापनविषयक नियतकालिकांच्या एका सूचीचा. म्हणजे सूचीत असलेल्या नियतकालिकांतील निबंध जमेस धरले गेले. ग्रंथ आणि इतर विद्याशाखांतील लेखन या हिशेबाबाहेर राहिले. एखाद्याने दहा वर्षे खर्चून सिद्ध केलेला ग्रंथ अशा तक्त्यात शून्य ठरतो.

८/ १९९२ मध्ये याच तिघांनी सक्रिय आणि विपुल लेखन करणाऱ्या स्त्री-अभ्यासकांची क्रमवारी प्रसिद्ध केली. स्त्रियांच्या कार्याची ही दखल आहे, असे वरवर वाटत होते. कॅरोल ब्लेअर, ज्युली ब्राऊन आणि लेस्ली बॅक्स्टर या तीन विदुषींना मात्र तसे वाटले नाही.

९/ त्यांचा आक्षेप मूलगामी होता. ही क्रमवारी ज्ञानाला कारखान्याचे उत्पादन मानते आणि विद्वानांना एकमेकांचे स्पर्धक ठरवते. स्त्रियांनी काय लिहिले हे न पाहता, पुरुषांच्या वर्चस्वाखाली रूढ झालेला निकष त्यांना लावला जातो. त्यांनी या टीकेचा निबंध एका शोधपत्रिकेकडे पाठवला.

१०/ निनावी परीक्षकांचे अभिप्राय कठोर होते. युक्तिवादापेक्षा लेखिकांच्या व्यावसायिक सचोटीवरच त्यांत प्रश्नचिन्ह उभे केले होते. तिघींनी मग ते अभिप्रायच अभ्यासाचा विषय केले. ‘डिसिप्लिनिंग द फेमिनिन’ हा निबंध १९९४ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ स्पीच’मध्ये छापून आला, तो त्या अभिप्रायांतील उताऱ्यांसह.

११/ विद्यापीठीय जगात हा धक्का होता. परीक्षकांचे अभिप्राय गोपनीय मानले जातात. ते असे चव्हाट्यावर मांडणे योग्य की अयोग्य, यावर चर्चा झाली. पण निबंध टिकला. किती छापले, या प्रश्नाच्या आधी काय छापू द्यायचे हे कोण ठरवते, असा प्रश्न त्याने उभा केला.

१२/ मोजणी मात्र थांबली नाही. १९९९ मध्ये हिक्सन, स्टॅक्स आणि जीन बोडन यांनी आढावा १९९५ पर्यंत आणला. अशा आकड्यांचा मोह विभागांना का पडतो, हे उघड आहे: नियुक्ती, बढती आणि निधी यांचे निर्णय घेताना आकडा निःपक्षपाती भासतो.

१३/ भारतही याला अपवाद नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांसाठी गुणांकन पद्धत आणली आणि शोधनिबंधांना गुण जोडले. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची समस्या उग्र झाली, तेव्हा दर्जेदार नियतकालिकांची यादी करण्याचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील कक्षाकडे आले. ती ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद करण्यात आली.

१४/ १९१४ च्या त्या १७ अध्यापकांना मान हवा होता, म्हणून त्यांनी संशोधनाची वाट धरली. पुढे संशोधन मान मिळवण्याचे चलन झाले आणि चलन म्हटले की मोजदाद आलीच. म्हणून कोणतीही क्रमवारी वाचताना पहिला क्रमांक कोणाचा, हे पाहण्याआधी त्या यादीत कोणाला जागाच मिळाली नाही, ते पाहावे.