जामीनदाराची सही आणि वेठीचा इतिहास

तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे तोडून ज्या कुटुंबांना माहुलच्या इमारतींत आणले, त्यांच्यात बसताना आम्ही एक वाक्य वारंवार ऐकतो: "मी फक्त सही केली होती." कर्ज शेजाऱ्याचे, दिवाळेही त्याचेच निघाले, आणि वसुलीवाला मात्र जामीनदाराच्या दारात!

या 'फक्त सही'चा इतिहास जुना आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ म्हणते, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. मुंबईला लागू असलेला १९०९ चा नादारी कायदा कर्जदाराला मुक्त करतो, जामीनदाराला नाही.

कायदा समजतो, सही करणारे सगळे सारखेच मोकळे. वस्तीत सही होते ती नात्यापोटी, नडीपोटी. आपल्या समाजाने तर सहीअंगठ्यात माणूसच गहाण पडताना पाहिला. म्हणूनच संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. तरीही १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याला जामीनदाराचा वेगळा उल्लेख करावा लागला: कर्जदाराने फेडले नाही म्हणून जामीनदाराला राबवणे हीसुद्धा वेठबिगारीच.

म्हणजे देणे पैशाचे आहे, देहाचे आणि इज्जतीचे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार पैशाच्या हुकूमनाम्यात मजुराची मजुरी जप्त होत नाही, स्त्रीला अटक होत नाही. तुम्हाला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या, तर कलम १३३ नुसार पुढच्या व्यवहारातून तुम्ही सुटता.

शेजारधर्म जरूर पाळा. पण आधी कागद वाचा, मग सही करा. जय भीम!