शंभर यार्डांचे वर्तुळ : तंबाखूविक्रीवरील निर्बंध आणि पानपट्टी

भारतातील तंबाखूबंदीचा इतिहास सामान्यतः जहांगीरापासून सांगितला जातो. असदबेगाने विजापुराहून नेलेली तंबाखू सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराच्या दरबारात पोहोचली आणि १६१७ मध्ये जहांगीराने धूम्रपानास मनाई केली. त्याच्या आत्मचरित्रातील नोंदीत ही मनाई ओढणाऱ्यास आहे. विकणारा तीत नाही. विक्रेता कायद्याच्या नजरेत आला तो महसुलाच्या वाटेने. मुंबई शहरापुरता केलेला १८५७ चा कायदा तंबाखूवरील जकात, तिची किरकोळ विक्री आणि साठवण या तिन्हींचा एकत्र विचार करतो. विक्री वाढली तर सरकारची हरकत नव्हती; ती हिशेबाबाहेर राहू नये, एवढीच काळजी होती.

आरोग्याची भाषा पुष्कळ उशिरा आली. महाराष्ट्र शासनाने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. परंतु असा आदेश काढण्याचा अधिकार राज्याच्या अन्न प्राधिकाऱ्यास नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २००४ रोजी ती रद्द ठरविली. (अन्नसुरक्षा कायद्याच्या आधाराने ती २०१२ मध्ये पुन्हा आली.) दरम्यान २००३ चा केंद्रीय कायदा संमत झाला होता. त्याच्या सहाव्या कलमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीस, तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई केली.

हे शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, बारकाईने पाहण्याजोगे आहेत. मेट्रिक मापे स्वीकारून कित्येक दशके लोटल्यावरही कायद्याने यार्डच पत्करला, हा विनोद तूर्त बाजूला ठेवू. महत्त्वाचे हे की अंतर रस्त्याने नव्हे, तर संस्थेच्या कुंपणापासून त्रिज्येने मोजायचे आहे. जुन्या पेठांत जिथे एका आळीत दोन शाळा असतात, तिथे अशी वर्तुळे एकमेकांवर चढतात आणि विक्रीस मोकळी जागा अशी उरतच नाही. दुकान आधीचे की शाळा आधीची, असा भेदही कलमात नाही. त्यामुळे तीस वर्षे एकाच कोपऱ्यावर बसलेला पानवाला शेजारी नवी शाळा निघताच जागच्या जागी नियमभंग करू लागतो.

मराठी साहित्याने या माणसाला चेहरा दिला आहे, पु. ल. देशपांडे यांचा ‘पानवाला’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. कायद्याच्या मजकुरात मात्र तो केवळ एक बिंदू आहे, ज्याचे कुंपणापासूनचे अंतर मोजता येते. याचा अर्थ मुलांच्या रक्षणाचा हेतू गैर आहे, असा नव्हे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार २८.६ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे २६.७ कोटी माणसे, तंबाखू वापरत होती. सवय पुष्कळदा कोवळ्या वयातच लागते, हे लक्षात घेता शाळेभोवतीची रेघ निरर्थक म्हणता येणार नाही.

खरी ओढाताण पुढच्या टप्प्यावर दिसते. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून सुचविले की तंबाखूविक्रीस नगरपालिकांनी परवाने द्यावेत आणि परवानाधारकाने चॉकलेट, बिस्किटे, वेफर्स, शीतपेये यांसारख्या वस्तू विकू नयेत. लखनौ महानगरपालिकेने २०२१ मध्ये अशी परवानापद्धती स्वीकारली. अंतराचा नियम दुकानाला हलायला सांगत होता. हा नियम दुकान कशाचे, हेच ठरवितो. टपरीचे अर्थशास्त्र मिसळीवर उभे असते. विडी घ्यायला आलेला माणूस मुलासाठी गोळ्या नेतो आणि गोळ्यांना आलेल्या मुलाला विडीचा पुडा समोरच दिसतो. नेमकी ही दुसरी घटना थांबवायची, तर पहिलीवर जगणाऱ्याची निम्मी फळी रिकामी करावी लागते. ती कशाने भरायची, याचे उत्तर त्या पत्रात नव्हते.

महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटींच्या विक्रीवरही बंदी आली. आख्खे पाकीट परवडत नाही असा गिऱ्हाईक हाच टपरीचा मुख्य आधार. त्याच्यासाठीच तर पानपट्टीच्या खांबाला जळत्या सुंभाचा तुकडा टांगलेला असे.