उजाड मुलूख आणि दयाळू राणी

अद्भुतरम्य कादंबऱ्यांत एक राणी वारंवार भेटते. दुष्ट राजानें किंवा राक्षसानें देश उजाड केलेला असतो; नद्या आटलेल्या, शेतें करपलेलीं, गांवें ओस पडलेलीं. अशा देशांत ती कोमलहृदया राणी येते, प्रजेची दैना पाहून तिचे डोळे भरून येतात, आणि पुढच्या प्रकरणांत पाऊस पडतो. इंग्रजी भाषेंत असल्या कादंबऱ्यांचें पीक हल्लीं अमाप येत आहे. आपल्याकडेहि अद्भुताची गोडी नवी नव्हे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं निघाली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालीं. तेव्हांपासून मराठी वाचकास ही चटक लागलेली आहे. त्या गोडीस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु या कथांतून एक प्रश्न नेहमी वाटेंतच राहून जातो, आणि तोच आम्हांस महत्त्वाचा वाटतो. राणीच्या मनांत दया उपजली, येथवर ठीक. पण त्या दयेचें धान्य कसें होतें? डोळ्यांतील पाण्यापासून शेतांतील पाण्यापर्यंतची वाट कोणती?

हा प्रश्न विचारावयास वऱ्हाडांतील लोणार हें गांव मोठें योग्य आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील या गांवाशेजारीं काळ्या पाषाणांत सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा एक प्रचंड खळगा असून त्याच्या तळाशीं खाऱ्या पाण्याचें सरोवर आहे. हा खळगा आकाशांतून कोसळलेल्या अशनीच्या आघातानें झाला, असें आज शास्त्रज्ञ सांगतात. लोकांनीं त्याची कथा निराळी रचली. येथें लवणासुर नांवाचा दैत्य लपून बसे व प्रजेस पीडा देई. भगवान् विष्णूंनीं दैत्यसूदनाचें रूप घेऊन त्याचा वध केला, आणि त्याच्या बिळाचें हें सरोवर झालें. गांवांतील दैत्यसूदनाचें सुंदर मंदिर त्याच कथेची साक्ष म्हणून दाखवितात. कथेंत दैत्य एका घावांत मरतो आणि संकट संपतें. परंतु त्याच लोणारची दुसरी एक हकीकत अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’ मध्यें सोळाव्या शतकाच्या अखेरीस नोंदून ठेविली आहे. मेहकर सरकारांतील हें स्थान ब्राह्मण विष्णुगया म्हणून पवित्र मानतात, आणि येथील क्षार काच व साबण करण्याच्या कामीं येतो, असें तो सांगतो. म्हणजे ज्या जागीं जमीन फाटली, तो खळगा कोणी बुजविला नाहीं. माणसांनीं पिढ्यान् पिढ्या खपून त्याच्याच कांठीं तीर्थ उभें केलें आणि पोटाचा उद्योगहि काढला. दैत्यवध हें अद्भुत. क्षार वेंचणें हा इतिहास. उजाड मुलूख सावरतो तो या दुसऱ्या रीतीनें, आणि ती रीत जिनें राज्यकारभारांत आणली ती बाई लोणारच्या शेजारचीच.

लोणारहून पश्चिमेस चाळीस-पन्नास किलोमीटर गेलें कीं सिंदखेड राजा लागतें. तेथील लखुजी जाधवराव हे निजामशाहींतील बडे सरदार. देवगिरीच्या यादवांशीं हें कुळ आपलें नातें सांगे. त्यांच्या वाड्यांत १२ जानेवारी १५९८ रोजीं जिजाबाईंचा जन्म झाला, असें परंपरा मानते. सिंदखेडचा मोती तलाव जाधवांच्या वैभवकाळची आठवण म्हणून आजहि दाखवितात. पाणी अडविलें तर गांव वसतें, हें ज्या गांवीं डोळ्यांनीं दिसतें, तेथें या मुलीचें बालपण गेलें. पण त्याच काळानें तिला दुसराहि धडा दिला. १६२९ सालीं दौलताबादच्या किल्ल्यांत, ज्या निजामशहाची चाकरी लखुजींनीं केली त्याच्याच दरबारीं, ते स्वतः, त्यांचे दोन पुत्र व एक नातू यांस कापून काढण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं १९ फेब्रुवारी १६३० रोजीं शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. माहेर बुडालें आणि मूल जन्मास आलें, या दोन गोष्टींमध्यें सात महिन्यांचेंहि अंतर नव्हतें.

मुलखाची दशा घराच्या दशेहून बरी नव्हती. शहाजीराजांवर रोष धरून विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव यानें १६३० च्या सुमारास पुणें जाळून बेचिराख केलें; गाढवांचा नांगर फिरवून तेथें लोखंडी पहार ठोकली, असें बखरी सांगतात. पहारेचा अर्थ उघड होता: या जागीं पुन्हां कोणी वसूं नये. त्यावर १६३० ते १६३२ या वर्षांतील भीषण दुष्काळ कोसळला. दख्खन आणि गुजराथ यांत त्यानें केलेला संहार शहाजहानच्या दरबारी इतिहासांतहि नमूद आहे. पुण्याजवळच्या देहूस तुकाराम वाण्याचें दुकान याच दुष्काळांत बुडालें आणि त्यांची पहिली बायको अन्नावांचून गेली. परंपरा सांगते कीं, पुढें तुकोबांनीं घरांतील कर्जखतांपैकीं आपल्या वांट्याचीं सारीं इंद्रायणीच्या डोहांत बुडविलीं. भक्तिमार्गाच्या दृष्टीनें हें वैराग्य होय. पण त्या काळच्या देहूकडे पाहतां त्याचा अर्थ याहून अधिक व्यावहारिक आहे. जेथें कुणब्याजवळ बैल उरला नाहीं, बीं उरलें नाहीं, तेथें जुन्या येण्याचा कागद सांभाळणें म्हणजे मेलेल्या माणसाकडे तगादा लावणें होय. मुलूख पुन्हां उभा राहावयाचा तर कोणी तरी आपलें येणें सोडलें पाहिजे, हें त्या वाण्यास उमगलें होतें.

आतां जिजाबाईंकडे वळूं. १६३६ सालीं निजामशाही संपली, शहाजीराजे विजापूरच्या चाकरींत गेले आणि पुण्याची जहागीर त्यांच्याकडे राहिली. त्यांची स्वतःची नेमणूक दूर कर्नाटकांत झाली. जिजाबाई व बाळ शिवाजी मधला कांहीं काळ बंगळुरास राहून पुण्यास स्थिर झाले. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. ज्या दरबाराच्या सरदारानें पुण्यावर गाढवांचा नांगर फिरविला, त्याच दरबारच्या चाकरीच्या आधारानें पुणें पुन्हां वसवावें लागलें. अद्भुत कादंबरीचा लेखक असें लिहावयास धजणार नाहीं. त्याची राणी आधीं दैत्यास मारील आणि मग झाडें लावील. जिजाबाईंपाशीं दैत्यास मारण्याचें बळ तेव्हां नव्हतें. त्यांनीं झाडें आधीं लावलीं.

या प्रसंगाची जी कथा घरोघरीं सांगतात ती सोन्याच्या नांगराची. पहार उपटली, गणपतीची स्थापना केली आणि सोन्याचा फाळ लावलेला नांगर बाळ शिवाजीच्या हातून पुण्याच्या भूमींत फिरविला. ही कथा समकालीन पत्रांतून नव्हे, परंपरेंतून आपणांपर्यंत आली आहे. तीस आम्ही तुच्छ लेखीत नाहीं. गाढवांच्या नांगराच्या शापास सोन्याच्या नांगरानेंच उत्तर द्यावें, ही कल्पना ज्या लोकमानसानें केली, त्यास धीर म्हणजे काय हें कळत होतें. परंतु सोन्याचा नांगर एक दिवस चालतो. लोखंडाचा वर्षानुवर्षें चालावा लागतो. तो कोणी चालवावा आणि काय म्हणून?

पळून गेलेल्या कुणब्याच्या जागीं वाचकांनीं क्षणभर स्वतःस कल्पावें. त्याच्या जमिनींत रान माजलें आहे, लांडग्यांचा सुळसुळाट आहे. परत जाऊन रान तोडलें, जमीन मोडली, तरी पहिल्या वर्षीं पीक पोटापुरतें येईल कीं नाहीं याचा भरंवसा नाहीं. आणि आलें तर सरकारचा शिपाई खळ्यावर उभाच. अशा स्थितींत न जाणें हेंच शहाणपण. त्यास परत आणावयाचें तर त्याच्या हातीं कौल द्यावा लागतो, आणि तो कौल पाळावा लागतो. बखरी सांगतात कीं, पुण्याच्या जहागिरींत लांडगे मारणारांस इनामें देऊन ते निर्मूल केले, आणि पडीक जमीन करणारांकडून आरंभीं नांवाला सारा घेऊन तो वर्षागणिक चढवीत नेला. या चढत्या साऱ्यास आपल्या जुन्या दफ्तरांत इस्तावा म्हणतात. शब्द रुक्ष आहे. पण राणीची दया धान्यांत उतरते ती याच शब्दाच्या द्वारें, असें आमचें मत आहे. इस्तावा देणें म्हणजे घेण्याचा हक्क असतांना कांहीं वर्षें न घेणें. त्या काळीं जहागिरी आज या सरदाराकडे तर उद्यां त्या सरदाराकडे जात. ज्यास आपण उद्यां येथें असूं याची खात्री नाहीं, तो आजच ओरबाडतो. जो थांबतो, तो आपण येथें राहणार असें बोलून दाखवितो. कुणबी हें बोलणें बरोबर ओळखतो.

साऱ्याच्या जोडीस न्याय हवा. २८ जानेवारी १६४६ रोजींचें, शिवाजीमहाराजांच्या शिक्क्याचें एक पत्र उपलब्ध आहे. रांझे गांवच्या पाटलानें बदअमल केला, म्हणून त्याचे हातपाय तोडून पाटिलकी काढून घेतल्याची व ती त्याच्याच गोतांतील दुसऱ्याकडे दिल्याची हकीकत त्यांत आहे. पत्र देणाऱ्याचें वय सोळाहि पुरें नव्हतें; घरांतील वडीलधारें माणूस जिजाबाई. शिक्षा आजच्या वाचकास क्रूर वाटेल, व ती क्रूर आहेच. पण गांवच्या पाटलाविरुद्ध गांवांतील बाईची दाद लागते, ही वार्ता ज्या मुलखांत पसरली, तेथें उठून गेलेलीं कुटुंबें परत येण्यास सोन्याच्या नांगराहून तिचा उपयोग अधिक झाला असला पाहिजे.

या कामाचें श्रेय कोणाचें, यावर आपल्याकडे अलीकडे पुष्कळ कडाक्याचा वाद झाला. बखरींनीं तें बहुतेक दादोजी कोंडदेवांच्या पदरीं टाकलें. नवे लेखक तें त्यांजकडून काढून सगळें जिजाबाईंस देतात. आमच्या मतें या वादांत कामाचें स्वरूपच विसरलें जातें. साऱ्याचे आंकडे मांडणें, बांध पाहणें, देशमुखांस वळणावर आणणें हें कारभाऱ्याचें काम. तें दादोजींनीं केलें म्हणण्यानें कोणाचेंहि तेज उणें होत नाहीं. परंतु कारभारी दुसऱ्याचें उत्पन्न सोडूं शकत नाहीं. तें सोडण्याचा अधिकार धन्याचा; आणि धनी शेंकडों कोस दूर असतां जागेवर होत्या त्या जिजाबाई. खजिना रिता, पदरीं माणसें पोसावयाचीं, अशा वेळीं पांच-सात वर्षें थांबण्याचा निश्चय घरच्या धनिणीच्या संमतीवांचून टिकला असता, हें आम्हांस संभवत नाहीं.

कोणी म्हणेल, यांत दया कोठली? ही तर दूरदृष्टि. आज थोडें सोडून उद्यां अधिक घेण्याचा हिशेब. आक्षेप खरा आहे. पण दया आणि हिशेब यांचें हाडवैर आहे, ही समजूतच आम्हांस कादंबऱ्यांनीं लावून दिलेली दिसते. अहल्याबाई होळकरांचें उदाहरण घ्या. १७६७ पासून १७९५ पर्यंत माळव्याचा कारभार त्यांनीं केला. त्यांच्या मृत्यूनंतर त्याच प्रांतांत लोकांस विचारून माल्कमनें माहिती गोळा केली व १८२३ च्या आपल्या ग्रंथांत ती दिली. मंदिरें व घाट यांहून त्यास ज्याचें नवल वाटलें, त्यांत हलका सारा आणि गांवच्या वतनदारांच्या हक्कांस धक्का न लावणें हीं दोन मुख्य आहेत. श्रीमंत विधवांचें धन सरकारजमा करण्याची संधि आली असतां बाईंनीं तें नाकारलें, हेंहि तो लिहितो. शंभर-सव्वाशें वर्षांच्या अंतरानें दुसऱ्या मराठी बाईनें तोच मार्ग धरला. हातीं येत असलेलें न घेणें, आणि तें एकदां नव्हे, वर्षानुवर्षें न घेणें, यास आम्ही दया म्हणतों. तिच्यापासून पुढें लाभ झाला तर ती खोटी ठरत नाहीं. कारण लाभ उद्यांचा असतो आणि झीज आजची.

शिवाय तो लाभहि कायमचा नसतो. वसविलेल्या पुण्यांत १६६० सालीं शायिस्तेखान येऊन बसला. ज्या लाल महालांत मायलेकरें राहिलीं, त्यांत त्यानें तीन वर्षें बिऱ्हाड केलें. १६६३ च्या एप्रिलांत महाराजांनीं त्यावर छापा घातला, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. आज पुण्यांत दिसतो तो लाल महाल विसाव्या शतकांत बांधलेला. जुना वाडा उरला नाहीं. मुलूख एकदां सावरला म्हणजे संपलें, असें होत नाहीं. पण १६६६ सालीं महाराज आगऱ्यास अडकले असतां राज्य जिजाबाईंच्या देखरेखीखालीं होतें, आणि तें मोडलें नाहीं. राजा कैदेंत असतां प्रजा जागेवर राहिली, हें त्या तीस वर्षांपूर्वींच्या कौलांचें फळ होय. ६ जून १६७४ रोजीं राज्याभिषेक पाहून अकराव्या दिवशीं, १७ जूनला, बाई पाचाडास वारल्या.

लेखणी हातीं घेणाऱ्या तरुण मराठी लेखकांनीं दयाळू राणीची कादंबरी जरूर लिहावी. तिच्यांत दैत्य असावा, अशनि कोसळावा, सोन्याचा नांगरहि फिरावा. आमची विनंती एवढीच कीं, पाऊस पाडण्यापूर्वीं एक प्रकरण त्यांनीं रिकाम्या खजिन्यास द्यावें. राणीसमोर वसुलाची वही उघडी आहे, चाकर पगारासाठीं दारांत उभे आहेत, आणि ती कारभाऱ्यास सांगते, यंदा नको, पुढल्या सालीं पाहूं. तें प्रकरण ज्यास साधलें, त्याच्या पुढच्या पावसावर आम्ही विश्वास ठेवूं.