हिंगणघाटचें थडगें आणि खुणांचें जाळें

वर्धा जिल्ह्यांत आंजी (मोठी) पासून हिंगणघाटापर्यंत कपाशीचा मुलूख पसरला आहे. नागपुरास निघालेले कर्नल विल्यम लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाटास निवर्तले. तेथेंच त्यांचें थडगें आहे. १८०२ सालीं मद्रासेस आधाररेषा मोजून त्यांनीं देशावर त्रिकोणांचें जाळें विणण्यास आरंभ केला होता. एका ठाण्यावरून दुसऱ्याची खूण दिसली तरच कोन मोजतां येई. म्हणून अंतर, उंची, पृथ्वीचा बांक व हवेंत वळणारा प्रकाश यांचा हिशेब आधीं मांडावा लागे. दिवसा न दिसणारें ठाणें रात्रीं दिव्यानें दिसूं शके, कारण रात्रीं किरण अधिक वांकतो. पुढें एव्हरेस्ट यांनीं याचा उपयोग करून घेतला.

आज शेतांतील ओलावा कळविणाऱ्या बिनतारी यंत्रांचें जाळें उभारण्यापूर्वीं संगणकावर असाच हिशेब होतो. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं पोंचणारी शक्ति चतुर्थांश होते. मध्यें उंच पीक आलें तर आणखी घटते. परंतु नुसत्या हिशेबावर विसंबून भागत नाहीं. त्रिकोणांतील चूक पकडण्यासाठीं मोजणीदार दूरवर जाऊन नवी आधाररेषा प्रत्यक्ष मोजीत. कागदावरचें जाळें जमिनीवर पारखून घेण्याची ही शिस्त बिनतारी जाळ्यासही चुकलेली नाहीं.