लहान ट्रॅक्टर

लहान ट्रॅक्टर (प्रचलित नाव : मिनी ट्रॅक्टर) म्हणजे साधारणतः ३० अश्वशक्तीपर्यंतचे इंजिन असलेला, कमी रुंदीचा व कमी वजनाचा चारचाकी ट्रॅक्टर होय. फळबागा, द्राक्षबागा, उसाच्या सऱ्या, भाजीपाल्याचे वाफे आणि अरुंद वाटांनी जोडलेली लहान शेते अशा ठिकाणी, जेथे मोठा ट्रॅक्टर वळू शकत नाही, तेथे तो वापरला जातो. शीत प्रदेशांत याच वर्गातील ट्रॅक्टर घरापुढील लांब रस्त्यावरचा बर्फ हटवण्यासाठी, गवत कापण्यासाठी व माती-खडी उचलण्यासाठी वापरतात. कामाचे स्वरूप वेगळे असले तरी ट्रॅक्टर निवडण्याची तत्त्वे दोन्हीकडे बहुतांशी सारखीच आहेत.

पार्श्वभूमी

ट्रॅक्टरला अवजार तीन बिंदूंनी जोडण्याची पद्धत हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केली आणि १९३९ सालच्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे ती सर्वत्र पोहोचली. या जोडणीमुळे अवजाराचा भार मागच्या चाकांवर येऊन हलक्या ट्रॅक्टरलाही पुरेशी पकड मिळू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील लहान भातखाचरांच्या गरजेतून कुबोटा, मित्सुबिशी, यानमार इत्यादी कंपन्यांनी छोटे डिझेल ट्रॅक्टर घडवले.

महाराष्ट्रात बैलजोडी व मोठा ट्रॅक्टर यांच्यामधील जागा प्रथम पॉवर टिलरने आणि नंतर लहान ट्रॅक्टरने घेतली. त्यामागे जमिनीच्या विभागणीचे कारण आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर आहे. इतक्या क्षेत्रावर वर्षभर बैलजोडी सांभाळणे परवडत नाही आणि मोठ्या ट्रॅक्टरला पुरेसे कामही मिळत नाही.

उत्पादक

राजकोटच्या कॅप्टन आणि बंगळूरच्या व्हीएसटी या कंपन्यांचे लहान ट्रॅक्टर महाराष्ट्रात परिचित आहेत. महिंद्रचा युवराज २१५ हा १५ अश्वशक्तीचा, एकाच सिलिंडरचा ट्रॅक्टर आहे. याच समूहातील स्वराजने २०२१ मध्ये ‘कोड’ हे सुमारे ११ अश्वशक्तीचे अरुंद यंत्र बाजारात आणले. महिंद्रची ‘ओजा’ ही २० ते ४० अश्वशक्तीची मालिका जपानमधील मित्सुबिशी महिंद्र कंपनीच्या सहकार्याने विकसित झाली व ऑगस्ट २०२३ मध्ये सादर करण्यात आली. कुबोटा, सोनालिका व मॅसी फर्ग्युसन यांचेही या वर्गातील ट्रॅक्टर आहेत.

पुणे जिल्ह्यात सणसवाडी येथे जॉन डिअरचा कारखाना आहे. या कंपनीचा ३०२८ ईएन हा २८ अश्वशक्तीचा अरुंद ट्रॅक्टर बागायतदारांसाठी आहे. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सने ‘ऑर्चर्ड’ या नावाने बागांसाठी ट्रॅक्टर बनवले होते. मात्र २०२४ मध्ये कंपनीने कृषी ट्रॅक्टरांचा व्यवसाय बंद केला.

निवडीचे निकष

रुंदी : बागेसाठी ट्रॅक्टर घेताना अश्वशक्तीपेक्षा रुंदी आधी पाहावी लागते. नऊ-दहा फुटांवर ओळी असलेल्या द्राक्षबागेत मांडवाचे खांब व ओलांडे सांभाळून यंत्र फिरवायचे असते. उसाच्या चार-पाच फुटी सरीत तर ट्रॅक्टरची बाहेरची रुंदी तीन-साडेतीन फुटांहून अधिक चालत नाही. ट्रॅक्टरइतकीच अवजाराची रुंदी आणि बांधावर वळण्यास लागणारी जागाही मोजणे आवश्यक असते.

अश्वशक्ती : माहितीपत्रकात लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. रोटाव्हेटर व फवारणीचा ब्लोअर पीटीओच्या दांड्यावर चालतात आणि तेथे मिळणारी शक्ती साधारणतः दहा ते पंधरा टक्क्यांनी कमी असते. म्हणून अवजाराला लागणारी शक्ती पीटीओच्या अश्वशक्तीशी ताडून पाहावी लागते. हलकी कोळपणी व सरी फोडणे यांसाठी १५ अश्वशक्ती पुरते. मोठ्या टाकीच्या ब्लोअरला त्याहून अधिक लागते. काळ्या भारी जमिनीची खोल नांगरट हे या वर्गाचे काम नव्हे. ते वर्षातून एकदा मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणून करून घेण्याची रीत आहे.

दोन की चार चाकांना गती : ओल्या जमिनीत, चढावर आणि जड टाकी ओढताना चारही चाकांना गती देणारा ट्रॅक्टर उपयोगी पडतो. त्याची किंमत व देखभालीचा खर्च मात्र अधिक असतो. सपाट व कोरड्या शेतात दोन चाकांची गती पुरेशी ठरते.

उचलक्षमता व समतोल : हायड्रॉलिकची उचलक्षमता अवजाराच्या वजनापेक्षा पुरेशी जास्त असावी लागते. मागे जड अवजार जोडल्यावर पुढची चाके हलकी होतात व सुकाणू नीट लागत नाही. अशा वेळी पुढे वजने लावतात.

कामाचा वेग : एक मीटर रुंदीचा रोटाव्हेटर ताशी ३ किलोमीटर वेगाने चालवला आणि वळणांत पाचवा हिस्सा वेळ गेला, तर तासाला सुमारे २,४०० चौरस मीटर काम होते. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यामुळे एकराला साधारण पावणेदोन तास लागतात. पेरणीपूर्वी वाफसा किती दिवस टिकतो, यावरून इतका वेग पुरेल की नाही हे ठरते.

दुरुस्तीची सोय : ऐन हंगामात यंत्र चार दिवस बंद पडले तर फवारणी चुकते व पीक हातचे जाऊ शकते. म्हणून सुटे भाग व मेकॅनिक जवळपास उपलब्ध असणे हा महत्त्वाचा निकष ठरतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचे चाचणी अहवालही तुलनेस उपयोगी पडतात.

खर्चाचे गणित

ट्रॅक्टर घेणे परवडेल की भाड्याने आणणे, हे वर्षाकाठी तो किती तास चालणार यावर अवलंबून असते. उदाहरणादाखल किंमत ५ लाख रुपये, आयुष्य १० वर्षे व अखेरची किंमत ५० हजार रुपये धरल्यास वार्षिक घसारा ४५ हजार रुपये होतो. सरासरी गुंतवणुकीवर दहा टक्के व्याज धरल्यास त्यात २७,५०० रुपयांची भर पडते. हा ७२,५०० रुपयांचा खर्च ट्रॅक्टर उभा असला तरी होतोच. वर्षाला ६०० तास काम असल्यास तो ताशी सुमारे १२१ रुपये पडतो, तर २०० तासच काम असल्यास सुमारे ३६३ रुपये. डिझेल, चालक, विमा व दुरुस्ती हे खर्च निराळे. दोन-तीन एकरांच्या मालकाकडे स्वतःचे काम ६०० तासांचे नसते. म्हणून तो शेजाऱ्यांची कामे घेतो किंवा भावकीत मिळून ट्रॅक्टर घेतला जातो. हे गणित न मांडता काढलेले कर्ज लहान शेतकऱ्याला जड जाते.

शासकीय योजना

केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले. त्याअंतर्गत अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, तर इतरांना ४० टक्के अनुदान ठरलेल्या मर्यादेत दिले जाते. महाराष्ट्रात त्यासाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची स्वतंत्र योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांसाठी आहे. तिच्यात ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर व उपसाधने यांसाठी ९० टक्के अनुदान असून गटातील किमान ८० टक्के सदस्य त्या घटकांतील असावे लागतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला.

धायरी व परिसर

सिंहगड रस्त्यालगतच्या धायरी गावाचा उर्वरित भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये इतर गावांसह पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आला. शहरालगतच्या अशा गावांत शेतजमिनीची मोजणी एकरांऐवजी गुंठ्यांत होऊ लागते, बांध घरांच्या कुंपणांना भिडतात आणि शेतात जाणारी वाट अरुंद होते. अशा तुकड्यांत मोठा ट्रॅक्टर नेणेच कठीण असते. दक्षिणेकडील पुरंदर तालुक्यातील अंजीर व सीताफळाच्या बागांत आंतरमशागतीसाठी लहान ट्रॅक्टर सोयीचा ठरतो.

वाढत्या शहराच्या कडेला शेतीच्या ट्रॅक्टरने विटा, वाळू व राडारोडा वाहण्याची कामेही मिळतात. परंतु शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरची नोंदणी व विमा भाड्याच्या वाहतुकीसाठी नसतो. अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकू शकतो.

बर्फ हटवण्यासाठी वापर

अमेरिकेचा उत्तर भाग व कॅनडा येथे घर ते सार्वजनिक रस्ता हे अंतर पुष्कळदा मोठे असते. शंभर मीटर लांब व तीन मीटर रुंद वाटेवर २० सेंटिमीटर बर्फ पडल्यास त्याचे आकारमान ६० घनमीटर होते. ताज्या भुसभुशीत बर्फाची घनता १०० किलो प्रति घनमीटर धरली तरी हे ६ टन वजन भरते; ओला बर्फ याच्या कितीतरी पट जड असतो. हलक्या हिमवर्षावात तिरके पाते लावून बर्फ कडेला सारतात. मात्र हिवाळाभर कडेचे ढीग वाढून वाट अरुंद होत जाते. तेथे बर्फ दूर फेकणारा पीटीओवरील ब्लोअर लागतो. चारही चाकांची गती, चाकांना साखळ्या, मागे वजन आणि थंडीत इंजिन सुरू होण्यासाठी हीटर या सोयी तेथे आवश्यक मानल्या जातात. महिंद्र १९९४ पासून अमेरिकेत ट्रॅक्टर विकत आहे. भारतात हिमाचल प्रदेश, काश्मीर व लडाखमधील डोंगरी महामार्गांवरचा बर्फ सीमा रस्ते संघटना मोठ्या यंत्रांनी हटवते. ते काम लहान ट्रॅक्टरच्या आवाक्याबाहेरचे आहे.

सुरक्षितता

अरुंद ट्रॅक्टर उतारावर लवकर कलंडतो. बांधावरून आडवे जाणे, चढावर एकदम क्लच सोडणे आणि भरलेली ट्रॉली वेगाने उतरवणे ही उलटण्याची नेहमीची कारणे होत. संरक्षक चौकट असल्यास सीटबेल्ट बांधावा. चौकट नसल्यास बांधू नये, कारण उलटताना चालक ट्रॅक्टरखाली अडकतो. रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पेडल एकत्र जोडूनच चालवावे लागते. एकाच बाजूचा ब्रेक लागल्यास ट्रॅक्टर फिरतो.

पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. साडीचा पदर, ओढणी, उपरणे किंवा धोतराचा सोगा त्यात गुंतल्यास माणसाला सोडवून घेण्यास वेळच मिळत नाही. म्हणून दांड्यावरील आवरण कायम ठेवणे आणि अडकलेले गवत काढण्यापूर्वी इंजिन बंद करणे अनिवार्य आहे. मडगार्डवर मुलांना बसवून शेतात नेण्याची सवय रोटाव्हेटर जोडलेला असताना प्राणघातक ठरते.

हेही पहा

पॉवर टिलर
रोटाव्हेटर
आंतरमशागत
धायरी