संगणक-पडद्याचे मापप्रमाण
संगणकाच्या पडद्यावरील अक्षरे, चिन्हे व चौकटी किती मोठ्या दिसाव्यात हे ठरविणाऱ्या गुणकास मापप्रमाण म्हणतात. व्यवहारात त्यास ‘स्केलिंग’ अशी संज्ञा रूढ आहे. पडद्यावरील प्रतिमा चित्रबिंदूंची (पिक्सेलांची) बनलेली असते. चित्रबिंदूला स्वतःचे ठरावीक माप नसते, एका इंचात (२·५४ सेंमी.) किती बिंदू बसविले आहेत, यावर त्याचा आकार अवलंबून असतो. तथापि प्रारंभीच्या वैयक्तिक संगणकांत बिंदू हेच लांबीचे एकक धरले गेले. या गृहीतकातून वाचकाच्या डोळ्यांची सुटका करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास म्हणजेच मापप्रमाणाचा इतिहास होय.

ॲपल कंपनीच्या १९८४ सालच्या मॅकिंटॉश संगणकाचा पडदा ५१२ × ३४२ बिंदूंचा असून त्यावर दर इंचास ७२ बिंदू होते. संगणकीय मुद्रणात ‘पॉइंट’ हे माप इंचाचा ७२ वा भाग मानले जाते. त्यामुळे बारा पॉइंटांचे अक्षर पडद्यावर बारा बिंदूंचे होई व कागदावरील छपाईशी त्याचा मेळ बसे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीने मात्र इंचास ९६ बिंदू हे प्रमाण स्वीकारले. कागदापेक्षा पडदा सु. एक-तृतीयांशाने अधिक अंतरावरून पाहिला जातो. म्हणून त्यावरील अक्षरही तेवढेच मोठे असावे, हा विचार त्यामागे होता. दोन्ही प्रमाणे आपापल्या काळच्या पडद्यांना अनुरूप होती. परंतु ती हजारो कार्यक्रमांच्या रचनेत पक्की बसली.

ऋण किरण नलिकेच्या पडद्यावर बिंदूंची संख्या कमी करून अक्षरे मोठी करता येत आणि प्रतिमेची फारशी हानी होत नसे. द्रव-स्फटिक पडद्यात बिंदू कायमचे घडविलेले असल्याने संख्या घटविली, की एका बिंदूचा अंश शेजारच्या बिंदूंवर पसरतो व अक्षरांच्या कडा धूसर होतात. याच सुमारास बिंदू अधिकाधिक सूक्ष्म होत गेले. आयबीएमच्या २००१ सालच्या टी२२० या २२·२ इंची पडद्यावर ३,८४० × २,४०० म्हणजे दर इंचास सु. २०४ बिंदू होते. इंचास ९६ बिंदूंच्या पडद्यावर बारा बिंदूंचे अक्षर सु. ३·२ मिमी. उंच दिसे, ते येथे जेमतेम १·५ मिमी. झाले. पडदा जितका उत्तम, तितके वाचन कष्टाचे, अशी विसंगती त्यातून उद्‌भवली.

बाह्यरेषेच्या रूपात साठविलेली ट्रूटाइप अक्षरे १९९१ मध्ये प्रचारात आली व कोणत्याही आकाराचे अक्षर रेखीव काढणे सुलभ झाले. तथापि चौकटी व चित्रे बिंदूंनीच मोजली जात राहिली. विंडोज व्हिस्टाने (२००७) जुन्या कार्यक्रमांची तयार प्रतिमा ताणून मोठी करण्याची सोय दिली. मजकूर मोठा झाला, पण पुसट दिसू लागला. ॲपलने २०१२ साली आपल्या उरोपरी (लॅपटॉप) संगणकात प्रत्येक जुन्या बिंदूच्या जागी चार बिंदू योजले. गुणक पूर्णांकी म्हणजे दोन असल्याने अक्षरे ठसठशीत उमटली. महाजालाच्या पृष्ठरचनेच्या नियमांनी तर १९९६ पासूनच बिंदूचे संदर्भमाप हातभर अंतरावरून डोळ्याशी होणाऱ्या कोनावरून ठरविले होते.

उरोपरी संगणकास बाह्य पडदा जोडल्यावर निराळाच प्रश्न उभा राहतो. एका पडद्यावर इंचास २२०, तर दुसऱ्यावर ९२ बिंदू असले, तर दोहोंना एकच गुणक पुरत नाही. विंडोज ८·१ (२०१३) पासून प्रत्येक पडद्यास स्वतंत्र गुणक देता येतो. सत्तावीस इंची, ३,८४० × २,१६० बिंदूंच्या पडद्यावर इंचास सु. १६३ बिंदू असतात. ९६ शी त्यांचे गुणोत्तर सु. १·७ भरते. म्हणून तेथे दीडशे किंवा पावणेदोनशे टक्के मापप्रमाण सोयीचे पडते. अशा अपूर्णांकी गुणकासाठी ॲपलची प्रणाली प्रतिमा आधी मोठी रेखाटून मग आकुंचित करते. लिनक्सवरील वेलँड व्यवस्थेत त्यासाठीचा स्वतंत्र संकेत २०२२ मध्ये आला.

देवनागरीच्या दृष्टीने या विषयास विशेष महत्त्व आहे. शिरोरेषेवरील मात्रा, खालचे उकार आणि जोडाक्षरे यांमुळे एका ओळीत रोमन लिपीपेक्षा अधिक थर सामावावे लागतात. ‘ध’ व ‘घ’, ‘भ’ व ‘म’ यांतील भेद बव्हंशी शिरोरेषेच्या खंडावर अवलंबून असतो. बिंदू अपुरे पडल्यास तो खंडच बुजतो. यास्तव पडद्याची बिंदुसंख्या त्याच्या मूळ क्षमतेइतकीच ठेवून मापप्रमाण वाढविणे इष्ट होय. सूक्ष्म बिंदूंचा लाभ अधिक मजकूर कोंबण्यात नसून तोच मजकूर अधिक स्पष्ट दिसण्यात आहे.